घसा बसला, बँड उभा राहिला

कॉलेजच्या फेस्टसाठी बँड काढायचं ठरलं की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. गिटार घेऊन पाच जण हजर. गायला सात जण तयार. आणि ‘ड्रम्सवर कोण बसणार?’ असं विचारलं की सगळ्यांना अचानक महत्त्वाचे मेसेज यायला लागतात. साहजिक आहे. ड्रमर फोटोत येत नाही. तो मागे कुठेतरी, झांजांच्या आड, घामाघूम होऊन बडवत असतो आणि रील बनतं पुढच्या गिटारवाल्याचं.

आता समजा, त्या पाच गिटारवाल्यांमधला सगळ्यात भारी जो, तोच उठून म्हणाला, ‘मी बसतो मागे.’ आणि तो साधासुधा भारी नाही. त्याने गिटारवर काढलेली एक धून २००६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये इटलीचे पाठीराखे बेंबीच्या देठापासून गात होते. धून तुम्हालाही येते, पैज लावा. ‘सेव्हन नेशन आर्मी’ हे नाव माहीत नसेल, ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ हा बँड माहीत नसेल, पण ते सात सूर तुम्ही कुठल्या ना कुठल्या मॅचमध्ये ऐकलेतच.

त्या धुनेचा मालक म्हणजे जॅक व्हाइट. २००९ च्या जुलैमध्ये त्याच्या नव्या बँडचा पहिला अल्बम आला. बँडचं नाव ‘द डेड वेदर’, अल्बमचं नाव ‘होअरहाउंड’. आपण तेव्हा बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत होतो, त्यामुळे हुकला यात आपला दोष नाही. पण आता ऐका. अकरा गाणी आहेत आणि बहुतेक सगळ्या गाण्यांत हा माणूस ड्रम्सवर आहे.

या प्रकाराला ‘सुपरग्रुप’ म्हणतात. वेगवेगळ्या बँडमधून आधीच नाव कमावलेली माणसं एकत्र येऊन नवा बँड काढतात तो सुपरग्रुप. १९६६ मध्ये इंग्लंडात ‘क्रीम’ आला, तो या जातीतला सुरुवातीचा. १९६९ मध्ये ‘ब्लाइंड फेथ’ आला, एक अल्बम काढला आणि त्याच वर्षी संपलाही. १९८८ मध्ये बॉब डिलन, जॉर्ज हॅरिसन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन यांनी मिळून ‘ट्रॅव्हलिंग विलबरीज’ काढला, तो मात्र मस्त जमला. पण एकूणात सुपरग्रुप म्हणजे पाच नवरदेव आणि एकच घोडी. प्रत्येकाला वर बसायचंय. प्रत्येकाला आपला सोलो हवाय. कागदावर नावं वाचून आपण खूश होतो आणि अल्बम एकदा ऐकून विसरतो.

‘डेड वेदर’ची नावंही कागदावर तशीच वजनदार आहेत. गायला ‘द किल्स’ची ॲलिसन मॉसहार्ट. ड्रम्सवर व्हाइट. बेस गिटारवर जॅक लॉरेन्स, जो व्हाइटबरोबर आधीपासून ‘द रॅकॉन्टर्स’मध्ये होता आणि त्याआधीपासून ‘द ग्रीनहॉर्न्स’मध्ये. गिटार आणि ऑर्गनवर ‘क्वीन्स ऑफ द स्टोन एज’चा डीन फर्टिटा. गंमत बघा, फर्टिटा त्या बँडमध्ये मुख्यतः कीबोर्डवाला म्हणून ओळखला जायचा. म्हणजे जगातला एक नावाजलेला गिटारिस्ट ड्रम्सवर आणि कीबोर्डवाला लीड गिटारवर. जागा मुद्दाम हलवल्यासारख्या. हा अल्बम जमला तो मुळात या हलवाहलवीमुळे, असं माझं म्हणणं आहे. ते पटतं का, हे पुढे वाचून ठरवा.

बँड जन्मला कसा, ते भन्नाट आहे. २००८ मध्ये ‘रॅकॉन्टर्स’ आणि ‘किल्स’ एकत्र दौऱ्यावर होते. मेम्फिसच्या कार्यक्रमाच्या वेळी व्हाइटचा घसा बसायला आला. आपल्याकडे असं झालं की गरम पाणी, हळद, आणि निवेदकाला ‘जरा वेळ काढ’ म्हणून खुणावणं. तिथे त्याने मॉसहार्टला स्टेजवर बोलावलं. त्याच्या ओळी ती गायली, काही ठिकाणी दोघं मिळून गायले. आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की हे तात्पुरतं ठिगळ मूळ कापडापेक्षा वाईट नाहीये.

२००९ च्या जानेवारीत हे चौघं नॅशव्हिलला व्हाइटच्या स्टुडिओत जमले. एखादं छोटं सिंगल करू, एवढाच बेत. गाणी निघत गेली आणि काही आठवड्यांत अख्खा अल्बम उभा राहिला. ११ मार्चला नॅशव्हिलमध्ये व्हाइटच्या ‘थर्ड मॅन रेकॉर्ड्स’ची नवी वास्तू उघडली तेव्हा निमंत्रित पाहुण्यांसमोर हा बँड पहिल्यांदा वाजला. तोपर्यंत असा काही बँड आहे, हेच बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. जुलैमध्ये अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट सहाव्या नंबरवर दाखल.

आता नावाबद्दल. होअरहाउंड ही एक कडू वनस्पती आहे. तिकडे खोकल्याच्या, घशाच्या गोळ्यांमध्ये ती जुन्या काळापासून वापरतात. म्हणजे आपला अडुळसाच समजा. घसा बसल्यामुळे जन्मलेल्या बँडच्या पहिल्या अल्बमला घशाच्या औषधाचं नाव! हे त्यांनी ठरवून केलं असेल असा माझा दावा नाही. पण चव मात्र नावाला जागते. पहिल्यांदा ऐकताना तोंड वाकडं होतं.

कारण हा ‘गोड’ अल्बम नाही. पहिलं गाणं ‘सिक्स्टी फीट टॉल’ सुरू होतं ते दबक्या पावलांनी. कुणीतरी अंधारात येरझारा घालतंय असं वाटतं, आणि मग गिटार अशी अंगावर येते की इअरफोन काढून आवाज कमी करावा लागतो. गिटारचा आवाज स्वच्छ नाही, फाटका आहे, स्पीकर खराब झाल्यासारखा. तो तसाच ठेवलाय. या फाटकेपणालाच ‘गॅरेज’ म्हणतात.

दोन मिनिटं थांबा, कारण ‘गॅरेज रॉक’ हा शब्द आपण टी-शर्टवर वाचून पुढे जातो. साठच्या दशकात अमेरिकेत शाळकरी पोरांनी घरच्या गाडीच्या शेडमध्ये बँड काढले. पैसे नव्हते, नीट वाजवता येत नव्हतं, सामान स्वस्तातलं. तीन कॉर्ड्स आणि प्रचंड उत्साह. १९६३ मध्ये ‘द किंग्समेन’ने ‘लुई लुई’ असं वाजवलं आणि गायलं की शब्द कुणालाच कळेनात. त्यात काहीतरी अश्लील असणार, असा पालकांना संशय. शेवटी एफबीआयने चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की शब्द समजतच नाहीत! माझ्या मते गॅरेज रॉकची याहून चांगली व्याख्या कुणी केलेली नाही.

जॅक व्हाइट डेट्रॉइटचा. मोटारींचं शहर. तिथल्या कारखान्यांत काम करायला दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय कामगार आले आणि येताना ब्लूज घेऊन आले. जॉन ली हूकर हा त्यांच्यातलाच एक. तो मिसिसिपीचा, दिवसा मोटारीच्या कारखान्यात राबायचा, रात्री वाजवायचा. १९४८ मध्ये डेट्रॉइटमध्येच त्याने ‘बूगी चिलन’ रेकॉर्ड केलं. पुढे त्याच शहराच्या परिसरातून ‘एमसी५’ आणि ‘द स्टूजेस’सारखे धटिंगण बँड निघाले. व्हाइट या दोन्ही घरांचा नातू. दहा भावंडांत धाकटा, आणि पहिलं वाद्य, हे लक्षात ठेवा, ड्रम्स. गिटार नंतर आली. ऐन उमेदीत तो खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवण्याचं काम करायचा. त्या दुकानाचं नाव ‘थर्ड मॅन अपहोल्स्टरी’. रेकॉर्ड कंपनीचं नाव कुठून आलं ते आलं ना लक्षात?

तर ड्रम्सवर बसणं ही त्याची हौस नव्हती, ते घरी परतणं होतं. आणि इथे एक मजेशीर बेरीज-वजाबाकी आहे. ‘व्हाइट स्ट्राइप्स’मध्ये दोनच माणसं, व्हाइट आणि ड्रम्सवर मेग व्हाइट. बेस गिटार नाहीच. ती ‘सेव्हन नेशन आर्मी’ची धून बेसची वाटते, पण ती साधी गिटार आहे, पेडलने एक सप्तक खाली उतरवलेली. ‘किल्स’मध्येही दोनच, मॉसहार्ट आणि जेमी हिन्स. तिथे ड्रमर नाही, ड्रम मशीन. म्हणजे एकाला वर्षानुवर्षं बेस मिळाला नव्हता आणि दुसरीला हाडामांसाचा ड्रमर. दोघंही उणिवांवर जगलेले. ते एकत्र आले तेव्हा चारही खांब मिळाले आणि त्यांनी काय केलं? घर चकाचक बांधलं नाही. चौघं असूनही दोघांसारखंच मोकळं, भोकाभोकांचं वाजवलं.

ऐकताना ड्रम्सकडे लक्ष द्या. व्हाइट तालाचा मीटर धरून बसणारा ड्रमर नाही. तो गिटारिस्टसारखाच ड्रम वाजवतो. गायिकेची ओळ संपायच्या आधी मध्येच बोलतो, चिडतो, थांबतो. ‘आय कट लाइक अ बफेलो’ त्याने एकट्याने लिहिलंय आणि तो ड्रम्सवरूनच ते गातो. ठेका रेगेच्या वळणाचा, त्यावर ऑर्गन ठिपके देतोय आणि मधूनच घशात काहीतरी अडकल्यासारखे गुदमरलेले आवाज. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या रूममेटने विचारलं, ‘तुझा फोन बिघडलाय का?’ पुढच्या आठवड्यात ती बाथरूममध्ये तेच गुणगुणत होती.

आणि मॉसहार्ट. तिच्याबद्दल ‘सेक्सी’, ‘धोकादायक’ असे शब्द इतक्या वेळा लिहिले गेलेत की वीट येतो. पुरुष किंचाळला की तो रॉकस्टार आणि बाई किंचाळली की ‘धोकादायक’. तिचं खरं काम ऐकायचं असेल तर ‘सो फार फ्रॉम युअर वेपन’ ऐका. हे तिचं एकटीचं लेखन. आवाज चढवतच नाही ती. आवाज दाबून धमकावते. ‘ट्रीट मी लाइक युअर मदर’मध्ये ती आणि व्हाइट एकमेकांच्या ओळी हिसकावतात आणि काही जागी आत्ता कोण गातंय ते कळत नाही. दोघांचे आवाज इतके एका जातीचे आहेत.

मासकॉमवाल्यांसाठी खास: याच गाण्याचा व्हिडिओ जोनाथन ग्लेझरने केलाय. ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’साठी २०२४ मध्ये ज्याच्या सिनेमाला ऑस्कर मिळालं, तोच. व्हिडिओत काय आहे? मॉसहार्ट आणि व्हाइट, काळी जॅकेटं, हातात मशीनगन, एकमेकांकडे चालत येतायत आणि गोळ्या झाडतायत. एवढंच. बजेट कमी असेल तर काय करायचं, हा प्रश्न ज्यांना प्रोजेक्टच्या आदल्या रात्री पडतो त्यांनी जरूर पाहावा. मशीनगन सोडून बाकी सगळं परवडेल.

पण माझ्यासाठी या अल्बमचं खरं गाणं सातवं आहे, ‘न्यू पोनी’. हे त्यांचं नाही, बॉब डिलनचं आहे, १९७८ च्या ‘स्ट्रीट लीगल’ अल्बममधलं. आणि डिलनचं तरी कुठे पूर्णपणे? चार्ली पॅटन नावाच्या मिसिसिपीच्या ब्लूज गायकाने १९२९ मध्ये ‘पोनी ब्लूज’ रेकॉर्ड केलं होतं, आणि घोडीवरची ब्लूज गाणी त्या परंपरेत मुबलक आहेत. त्यांत घोडी म्हणजे बहुतेकदा बाई. पुरुष गातो: माझी घोडी अशी आहे, तशी आहे, जुनी गेली, नवी आणली. डिलनच्या गाण्यातही तेच चालतं आणि बायका आहेत त्या मागे, कोरसमध्ये.

‘डेड वेदर’ने ते गाणं मॉसहार्टच्या हातात दिलं. गाणं तेच. पण आता ‘मी’ म्हणणारी ती आहे. लगाम कुणाच्या हातात आणि पाठीवर कोण, हे सगळं उलटंपालटं होतं. आपल्याला हा खेळ नवा नाही. शाहिरांनी बाईच्या तोंडी लावण्या लिहिल्या, बायकांनी त्या अशा काही गायल्या की लिहिणारा मागे पडला. इथेही तसंच होतं. मॉसहार्ट ते गाणं विनोद म्हणून गात नाही, सूड म्हणूनही नाही. हे माझंच होतं, अशा थाटात गाते.

इथे एक टोचणारा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. ब्लूज ज्यांच्या हालअपेष्टांतून आलं, त्यांतल्या कितीतरी जणांच्या हाती फारसं काही लागलं नाही. गोऱ्या रॉक बँडनी त्याच सुरांवर स्टेडियम भरली. व्हाइट याच रांगेत येतो का? येतो. पण उसनं घेतलंय हे तो लपवत नाही. सन हाउस हा त्याचा देव आहे, हे त्याने पुन्हापुन्हा सांगितलंय. ‘इट माइट गेट लाउड’ या माहितीपटात तो सन हाउसची जुनी तबकडी लावतो आणि नुसत्या आवाजावर आणि टाळ्यांवर चाललेलं ते गाणं आपलं सर्वांत आवडतं असल्याचं सांगतो. २०१३ मध्ये ‘थर्ड मॅन’ने चार्ली पॅटन, ब्लाइंड विली मॅक्टेल आणि मिसिसिपी शीक्स यांची रेकॉर्डिंग्ज क्रमाने पुन्हा तबकड्यांवर आणली. याने हिशेब फिटतो असं नाही. पण नाव पुसणं आणि नाव मोठ्याने घेणं यात फरक आहे, आणि मी तो फरक मोजते.

सगळंच ग्रेट आहे असंही नाही, हं. ‘थ्री बर्ड्स’मध्ये कुणी गात नाही, नुसतं वाद्यांचं आहे. ते सुरू होतं, वातावरण तयार करतं आणि कुठेच जात नाही. ‘बोन हाउस’ आणि ‘नो हॅसल नाइट’ लागोपाठ ऐकली की एकाच गाण्याचे दोन तुकडे वाटतात. घाईत केलेल्या कामाची ही किंमत असते. आवाज जबरदस्त, पण गाणं संपल्यावर गुणगुणायला काही उरत नाही. पहिल्या सिंगलच्या मागच्या बाजूला त्यांनी गॅरी न्यूमनचं १९७९ चं सिंथवालं ‘आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?’ वाजवलं होतं. ते अल्बमवर घेऊन ‘थ्री बर्ड्स’ काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. मला कोण विचारतंय म्हणा.

आता मूळ मुद्द्याकडे. व्हाइट मागे बसला, म्हणजे त्याने खरंच जागा सोडली का? संशयी नजरेने बघा. स्टुडिओ त्याचा. कंपनी त्याची. निर्माता तोच. ‘मी बसतो मागे’ असं म्हणणारा माणूस कधीकधी सगळ्या खोलीवर नजर ठेवता यावी म्हणूनच मागे बसतो, हे कुठल्याही कॉलेजच्या कमिटीत काम केलेल्याला कळतं. शिवाय ड्रमर दिसत नसला तरी गाणं किती वेगाने जाणार हे तोच ठरवतो.

असं असूनही अल्बम ऐकताना तो व्हाइटचा वाटत नाही. पहिलं सिंगल ‘हँग यू फ्रॉम द हेवन्स’ घ्या. ते लिहिलंय मॉसहार्ट आणि फर्टिटाने. अल्बमचं पहिलं गाणंही त्या दोघांचंच. म्हणजे ज्या दोन जागांवर सगळ्यांचं लक्ष जाणार होतं, तिथे मालकाचं लेखन नाही. गिटारचा तो फाटका आवाज लोक व्हाइटचा समजतात आणि तो असतो फर्टिटाचा. लगाम त्याच्या हातात असेल, पण घोडी आपल्या मनानेच धावतेय हे ऐकू येतं.

शेवटचं गाणं ‘विल देअर बी इनफ वॉटर?’ सहा मिनिटांहून मोठं, संथ, जवळजवळ थांबलेलं. बँड हे स्टेजवर वाजवायचा तेव्हा व्हाइट ड्रम्सवरून उठून पुढे यायचा, गिटार गळ्यात घालायचा आणि मॉसहार्टच्या शेजारी उभा राहायचा. अख्खा कार्यक्रम लोक ज्याची वाट बघत असायचे तो क्षण, आणि त्यात तो सावकाश, मोजके सूर वाजवायचा.

बँडने पुढच्याच वर्षी ‘सी ऑफ काउअर्ड्स’ काढला आणि २०१५ मध्ये ‘डॉज अँड बर्न’. दुसरा अल्बम जास्त आटोपशीर आहे. तरी सुरुवात ‘होअरहाउंड’पासूनच करा. आधी पॅटनचं ‘पोनी ब्लूज’ लावा, खरखर सहन करा, मग डिलनचं ‘न्यू पोनी’, मग मॉसहार्टचं. तिन्ही मिळून एका लेक्चरच्या मधल्या सुट्टीत बसतात. त्यानंतर अल्बम पहिल्यापासून, क्रम न बदलता. पाऊण तासाचं काम. आणि मोबाइलच्या स्पीकरवर तेवढं ऐकू नका. बेस ऐकूच येणार नाही, आणि बिचाऱ्या लॉरेन्सबद्दल आधीच कुणी काही लिहीत नाही. मीसुद्धा एकच वाक्य लिहिलंय.